जैवंती तांडेलणीची खबर

कॉन्स्टान्सियो लोबोने उभं आयुष्य जहाजावरच्या स्वयंपाकघरात काढलं. आरोंद्याच्या खाडीकाठचं घर, घरातली बायको एस्पेरांसा आणि अंगणातला फणस वर्षाकाठी जेमतेम दोन महिने त्याच्या वाट्याला यायचे. उरलेले दिवस तो कुठल्या तरी समुद्रावर खलाशांसाठी भात शिजवत असायचा. भांड्यांच्या सहवासात राहून राहून त्याची माणसांशी बोलायची सवय सुटली होती. निवृत्त होऊन तो कायमचा घरी आला तेव्हा बाजारात पोरं एकमेकांना विचारायची, "हो खंयचो रे?" आणि एस्पेरांसा घरी येऊन हसत हसत सांगायची, "कॉन्स्ता, लोक तुका पाव्हणो समाजतत."

तो हसायचा नाही. आपण आपल्याच गावात पाहुणे आहोत, हे त्याला तिच्या आधी कळलं होतं.

जहाजावरून येताना त्याने भात वाढायचा एक मोठा डाव आणला होता आणि कापडी पिशवीत फासे. फाशांचा खेळ त्याला एका फिलिपिनो इलेक्ट्रिशियनने शिकवला होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक माणूस व्हायचं. आपलं माणूस कोण, त्याला काय येतं, कशाची भीती वाटते, गाठोड्यात काय आहे, हे एका कागदावर लिहून ठेवायचं. मग गोष्ट सांगणारा म्हणतो, पुढे धुकं आहे, धुक्यात खडक आहे, काय करशील? तुम्ही सांगाल ते तुमचं माणूस करू बघतं. जमेल की नाही अशी वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडले तर देव पावला, एक पडला तर घात.

गावात हा खेळ कोणाला येत नव्हता, म्हणून कॉन्स्टान्सियो बल्कावात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, टेबल मांडून एकटाच खेळत बसायचा. येणारे जाणारे बघून पुढे जायचे.

थांबल्या फक्त सुभद्राबाई. प्राथमिक शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवून निवृत्त झालेल्या, गावातल्या सगळ्यांच्या बाई. नाताळात या घरून आलेला नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा परत द्यायला त्या आल्या होत्या. रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून आत चार लाडू होते.

"कॉन्स्ताबाब, एकट्यानं काय खेळताय?"

त्याने सांगायला सुरुवात केली. गावी आल्यापासून इतकं तो कोणाशी बोललाच नव्हता. बाईंनी चांगल्या विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी कोणीही होऊ शकते?"

"कोणीय."

बाई पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसल्या आणि मग कागदावर त्यांनी गोल अक्षरात लिहिलं, तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, ज्याच्या हाकेवर बाकीचे दोर ओढतात. लिहून झाल्यावर त्यांनाच संकोच वाटला.

"पण बाईमाणूस तांडेल असतं का हो?"

"माझ्या दर्यात आसता," कॉन्स्टान्सियो म्हणाला.

अशी जैवंती तांडेलीण जन्माला आली. खाडीकाठी जन्मूनही बाई आयुष्यभर खाडी ओलांडायच्या तरीत जीव मुठीत धरून बसत आल्या होत्या. त्यांचा आवाज हळू होता. वर्गात त्या नजरेने दटावायच्या आणि घरी तेवढंही नाही. जैवंती मात्र तंबाखू चघळायची, वादळात शीड सोडायची आणि तिची हाक दोन लाटांपलीकडे जायची. पहिल्यांदा जेव्हा जैवंतीच्या तोंडून बाई ओरडल्या, "रे भोपळ्यांनो, दोर ओढतास काय वाती वळतास?" तेव्हा कोण आलं ते बघायला एस्पेरांसा हातातली मासळी तशीच घेऊन बाहेर धावली होती.

बाई येऊ लागल्या म्हणून मग इतरही आले. बँकेत कारकून असलेली सारिका आली, आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा प्रीतम. बाई बसतात तिथे बसायला कसली लाज? दर रविवारी दुपारी टेबल भरू लागलं. बाजारातली पोरं आता कॉन्स्टान्सियोला वाटेत अडवून विचारायची, "काका, होडी खंय पोचली?" तो उत्तर देता देता मासळी घ्यायला विसरायचा. या सगळ्याचं मूळ तो लाडवांचा डबा, हे तो मनाशी पक्कं धरून होता, पण बाईंना तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मग मे महिन्यातल्या एका रविवारी जैवंती मेली.

होडी खडकात सापडली होती. सुकाणूत जुना दोर अडकला होता आणि लाट होडीला खडकावर ढकलत होती. जैवंतीने दातात सुरी धरली आणि पाण्यात उडी टाकली. दोर तुटला, सुकाणू सुटलं. पण तिला पुन्हा वर येता येईल का, हे फासा ठरवणार होता. फासे टाकायचे ते एस्पेरांसाच्या पितळी ताटात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, असा कॉन्स्टान्सियोचा नियम होता. बाईंनी फासा टाकला. तो ताटाच्या कडेने फिरत गेला आणि एकावर थांबला.

"बाई, परत टाका! ताट हललं," सारिका म्हणाली.

"पंख्याचो वारो लागलो," प्रीतमने दुजोरा दिला.

बाईंनी दोघांकडे बघितलं नाही. त्या कॉन्स्टान्सियोकडे बघत होत्या.

"गेली," तो म्हणाला. आणि त्याच दमात कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवत म्हणाला, "पुढच्या बंदरात नवो तांडेल घेवया."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. जहाजावर असंच चालतं. खलाशी दगावला तर पुढच्या बंदरात त्याला उतरवतात, आणि त्याच शिडीने दुसरा बॅग घेऊन वर चढतो, विचारतो, आज जेवायला काय आहे? जेवण वेळेवर तयार ठेवणं एवढंच स्वयंपाक्याचं काम. ते त्याने कधी चुकवलं नव्हतं.

बाईंनी जैवंतीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. कोरा कागद पंख्याने उडू नये म्हणून फाशांच्या पिशवीखाली सारला. "गुडघा धरलाय जरा," असं म्हणून त्या उठल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. कॉन्स्टान्सियोला वाटलं, बाईंना नवं माणूस सुचत नसेल, आपणच करून देऊ. त्याने मोबाइलवर एक आयती बाई लिहून पाठवली. झाडपाल्याची औषधं देणारी, शांत स्वभावाची, कमी बोलणारी. बाईंनी वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही खुर्ची रिकामी. मग त्याला वाटलं, त्यांना जैवंतीच हवी असेल. त्याने लिहिलं, दूरच्या किनाऱ्यावर कोळ्यांना एक बाई सापडली आहे, तिचा श्वास चालू आहे.

या वेळी उत्तर लगेच आलं. "कॉन्स्ताबाब, मी खाडीकाठी जन्मले. बुडालेलं माणूस असं परत येत नाही. तिची थट्टा नको."

त्या संध्याकाळी प्रीतम म्हणाला, "अंकल, बाई येवच्या नसतील तर रविवारी माझी दोन इंजिनां पडान आसत." सारिकाला आईकडे जायचं होतं. कोणी भांडलं नाही, कोणी रागावलं नाही. टेबल असंच मोडतं, पाय एकेक करून निघतात. कॉन्स्टान्सियो रिकाम्या बल्कावात बसला आणि त्याला दिसलं की आपण पुन्हा पाहुणे होणार.

एस्पेरांसा अंगणात कोकमं वाळत घालत होती. तो तिच्याजवळ गेला आणि मोबाइल पुढे केला.

"वाच गो."

तिने लाल झालेली बोटं पदराला पुसली आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. मग कपाळावर हात मारला.

"मेल्या, तेरावो जावचे आदीच सोयरीक घेवन गेलंस?"

"अगो, पण खरां कोण मराक नाय!"

"मग तू हय तोंड पाडून कित्याक बसलंस?"

एस्पेरांसाने एक पाट सरकवला. तो बसला आणि सवयीने कोकमांच्या बिया काढू लागला.

"तुजी आवय गेली तेव्हा तू खंय होतंस?" तिने विचारलं.

"ब्राझिलाच्या वाटेर."

"हय काय काय झाला, तुका म्हायत आसा?"

त्याला माहीत नव्हतं. त्याला तार मिळाली होती, त्या दिवशी त्याने रात्रीचं जेवण वेळेवर वाढलं होतं. तो घरी पोचला तेव्हा पावसाळा होऊन गेला होता, भिंतींना नवा चुना लागला होता आणि आईची खाट माळ्यावर गेली होती.

"आमच्या बाबलीभावजीन घरोघर खबर दिल्यान," एस्पेरांसा सांगू लागली. "उभ्या उभ्या. खबर देवक गेलेलो माणूस बसना नाय, पाणी घेना नाय. मग आमची चूल बंद. साऱ्या वाड्यातसून पेज इली. किरिस्तांवांची, हिंदवांची. एक घोट घेतलो की माका कळा कोणाच्या घरची ती. आणि लोक बसले, कॉन्स्ता. तुज्या आवयच्या गजाली सांगीत बसले. ती कशी गाळी घाली, फणस चोरणाऱ्याक झाडार चढवून शिडी कशी काढून घेतल्यान. आमी हसलों सुद्दां. तेव्हा खंय माका वाटला, म्हातारी गेली."

तिने सुपात मूठभर कोकमं पसरली. "जैवंतीची खबर कोणी दिली? मेली ती तुज्या बल्कावात. सुतक तुज्या घरात. आणि तू मोबायलार दुसरी बायल धाडलंस. ती पण शांत स्वभावाची!"

शेवटच्या वाक्याला ती इतकी हसली की कोकमाचं सूप तिरपं झालं.

कॉन्स्टान्सियोने चर्चला जायचा शर्ट घातला आणि सुभद्राबाईंच्या घराची वाट धरली.

दारात त्यांची सून दीपिका होती. "या काका, बसा. पाणी आणते."

"बसाचां नाय," तो म्हणाला. "पाणी नको."

दीपिका होती तिथेच थिजली. उन्हातून आलेला माणूस बसत नाही आणि पाणी नको म्हणतो, याचा अर्थ या गावात शाळेतल्या पोरालाही कळतो. "काका... कोण गेलं?"

आवाज ऐकून बाई आतून आल्या. तुळशीजवळ उभा असलेला कॉन्स्टान्सियो त्यांनी पाहिला, त्याचा इस्त्रीचा शर्ट पाहिला, पाण्याला नको म्हणणारा त्याचा हात पाहिला. त्या उंबऱ्यावर थांबल्या.

"बाई," तो म्हणाला, "खबर देवक इलंय. जैवंती तांडेलीण गेली. खडकात होडी सापडलेली, सुकाणू सोडवताना गेली. होडी वाचली, माणसां वाचली. येत्या रविवारी आमच्याकडे पेज आसा."

दीपिका दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "कोण जैवंती? आपल्यातली?"

बाईंनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. "आपल्यातलीच," त्या म्हणाल्या. मग अशा वेळी विचारतात तसं त्यांनी त्याला विचारलं, "एकटी होती?"

"नाय बाई. सगळी होडीत होती. दोर धरून."

बाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि सुनेसमोर ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "येईन मी," त्या म्हणाल्या.

खबर देणारा निघताना 'येतो' म्हणत नाही. कॉन्स्टान्सियो नुसताच वळला. मागून दीपिकाचा आवाज आला, "आई, नात्यानं कोण त्या आपल्या?" आणि बाईंचा, "बस इथं. सांगते."

रविवारी एस्पेरांसाने चूल पेटवली नाही. "माका तांडेलीण आवडली," ती शेजारणींना सांगत होती, "मेली तरी माका सुट्टी दिल्यान." सारिकाने उकड्या तांदळाची पेज आणली, प्रीतमच्या आईने आंब्याचं लोणचं दिलं. खरोखर कोणी गेलं आहे का, असं तिने लेकाला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "खरोखर म्हणजे कसां, ता माका सांगूक येवचां नाय, पण लोणचां दी." फासे कॉन्स्टान्सियोने कपाटात ठेवून दिले होते.

बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पर्समधला कागद काढून टेबलावर ठेवला. घड्या पडल्या होत्या.

मग प्रीतम हळूच म्हणाला, "ती त्या बेटावर भोपळ्यांची जकात घेणाऱ्या साहेबाक काय बोलली होती, आठवता?"

"'साहेब, मिशी आधी तोला, मग माझा भोपळा तोला,'" सारिका म्हणाली आणि सगळे हसले, बाईसुद्धा. मग एकातून एक गजाली निघत गेल्या. जैवंतीने चाच्यांना सुकं खोबरं कसं विकलं. प्रीतमच्या खलाशाने चुकीची गाठ मारली म्हणून तिने त्याला डोलकाठीवर बसवून जेवायला कसं लावलं. सारिका म्हणाली, बँकेत एक माणूस रोज येऊन आवाज चढवायचा. एकदा तिने मनात जैवंतीला आणलं आणि त्याला म्हटलं, रांगेत उभे राहा. तो राहिला. "हे मी कुणाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

पेज वाढून झाल्यावर कॉन्स्टान्सियोने घसा साफ केला. "बाई, त्या दिवशी मी एका शब्दात संपवलंय. 'गेली' म्हटलंय. ती जैवंती तुमची. तिचां शेवटचां तुमी सांगा. कसां झाला ता. आमी आयकतों."

बाईंनी वाटी खाली ठेवली. सुरुवातीला त्या नेहमीच्या हळू आवाजात बोलल्या. पाणी थंड होतं. दोर जाड होता, सुरी बोथट. तिला भीती वाटली, कारण पाण्याची भीती तिला आतून नेहमीच वाटायची, ती फक्त कोणाला कळू देत नसे. मग दोर तुटला. सुकाणू सुटलं. पुढची लाट येत होती आणि तिच्या लक्षात आलं की होडीवरचे मूर्ख तिची वाट बघत थांबलेत. ते थांबले तर सगळेच जातील.

बाई उभ्या राहिल्या. दोन्ही हात टेबलावर टेकवून त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"शीड सोडा, रे भोपळ्यांनो! माझ्याकडे काय बघतास? शीड सोडा!"

रस्त्याने जाणारा एक सायकलवाला खाली उतरून उभा राहिला. फणसावरचे कावळे उडाले. आतून एस्पेरांसा दाराशी आली आणि दाराला टेकून राहिली.

"आमी सोडलां," प्रीतम म्हणाला. "तांडेलणी, शीड सोडलां."

"झालं तर," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तिला शोधायला कोणी जायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. समुद्राने ठेवून घेतलं ते घेतलं. होडीला मात्र तिचं नाव द्यायचं. प्रीतमने तिथल्या तिथे आपल्या कागदावर होडीचं जुनं नाव खोडून नवं लिहिलं, आणि अक्षर वाकडं आलं म्हणून बाईंनी ते पुन्हा लिहायला लावलं.

ऊन उतरल्यावर सगळे निघाले. बाई पायरीवर थांबल्या. चप्पल घालायला त्यांना वेळ लागत होता, म्हणून कॉन्स्टान्सियोने हात दिला.

"बाई," तो म्हणाला, "त्या नेवऱ्यांच्या डब्याबद्दल मी कधी बोलूक नाय."

"कुठला डबा?"

"लाडू घालून परत दिलेलो. तुमी बसलात त्या दिवशी. तुमी बसला नसतात तर मी अजून पाव्हणोच."

आयुष्यभर बाईंचे विद्यार्थी वाटेत पाया पडत आले होते, पण असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला, चप्पल घातली, आणि फाटकापर्यंत जाऊन मागे वळल्या.

"कॉन्स्ताबाब, पुढच्या रविवारी तो कोरा कागद काढून ठेवा," त्यांनी तिथूनच हाक दिली. ती हाक शेजारच्या घरातही ऐकू गेली असणार. "आणि शांत बाई नको!"

तो टेबलापाशी परतला. एस्पेरांसाने त्याच्यासाठी एक वाटी झाकून ठेवली होती. सगळ्यांना वाढता वाढता त्याचं राहूनच गेलं होतं, स्वयंपाक्याच्या जुन्या सवयीने.

"खा," ती म्हणाली. "गार झाली."

त्याने एक घोट घेतला. उकड्या तांदळाची, मीठ जरा कमी. वाटी अर्धी झाल्यावर त्याने विचारलं, "एस्पेरांसा, तो फणस चोरणारो झाडार किती वेळ होतो गो?"

तिने खुर्ची ओढली आणि पदर आवरून ती त्याच्यासमोर बसली. "सांजेपर्यंत," ती म्हणाली. "आयक तर, तुजी आवय त्याका खाल्लसून काय बोलली ती."